पाठराखीण

एस्तेर भिंगारदिवे वारली ती आमच्याच हॉस्पिटलात, आणि वारल्यावरही तिने ड्युटी सोडली नाही. हे मी गमतीने सांगत नाही. गंमत करायचा माझा स्वभावच नाही, नगरमधल्या नर्सिंगच्या कुठल्याही मुलीला विचारा. खरमाळे मॅडम राउंडला येताहेत म्हटलं की पोरींचे चेहरे पडतात. ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

मी सिस्टर ट्यूटर, म्हणजे नव्या नर्सेसना वॉर्डात उभं करून शिकवणारी. एस्तेर बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज. आम्ही दोघी एकाच बॅचच्या, होस्टेलच्या एकाच खोलीतल्या. फरक एवढाच, की मी पोरींना उत्तरं शिकवायची आणि ती त्यांना प्रश्न विचारायची.

तिची एक पद्धत होती. ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला पेशंटच्या खाटेजवळ नेऊन सगळं समजावून सांगते. त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. सलाइन चालू आहे, इंजेक्शन दिलंय, ताप नाही. सांगून झालं की पोरगी पर्स खांद्याला लावायची, आणि तेवढ्यात एस्तेर विचारायची, "काय खटकलं?" काही नाही, हे उत्तर तिला चालायचं नाही. बस चुकू दे, घरी पोर रडू दे, ही आपली दारात उभी. मग पोरगी वैतागून म्हणायची, "कोपऱ्यातली बाई आज जेवली नाही, एवढंच." एस्तेर "हं" म्हणायची आणि वाट सोडायची. मग ती त्या कोपऱ्यातल्या बाईकडे जायची. त्या 'एवढंच'मधून किती बाया धडधाकट घरी गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुग्धा खानापूरकर पुण्याहून आली तेव्हा एस्तेरचा आजार हाडांत उतरला होता. मुग्धा मेंदूवर संशोधन करणारी, बोलायला फटकळ, म्हणून मला आवडली. तिने मला जे सांगितलं ते असं. आपल्याला काही चुकीचं दिसलं किंवा नुसतं आठवलं, की ते आपल्याला कळायच्या आधीच मेंदूच्या पुढच्या भागात विजेची एक बारीक लहर उठते. मेंदूला आधी कळतं, माणसाला नंतर. पण दमलेला माणूस ती लहर दाबतो, घाबरलेला दाबतो, आणि डॉक्टर ओरडतील या भीतीने नर्स तर हमखास दाबते. लहर विरून जाते. मग काही विपरीत घडलं की आपण म्हणतो, मला काही कळलंच नाही. मुग्धा तिला शंकालहर म्हणायची. आमच्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'खटका' करून टाकलं.

हा खटका पकडणारं यंत्र तिने केलं होतं. चिकूच्या बीएवढं, काळं, कानामागे चिकटणारं. खटका उठला आणि नर्सने तो तोंडाने बोलून दाखवला नाही, तर ते यंत्र तिच्या कानात एक प्रश्न विचारायचं. पण कसला प्रश्न, कुणाचा? त्यासाठी मुग्धाला एक अशी नर्स हवी होती जिला प्रश्न विचारता येतात. मी तिला सरळ एस्तेरसमोर नेऊन उभं केलं.

एस्तेरला शेवटपर्यंत जेवढं चालता आलं, तेवढी ती वॉर्डात हिंडली. प्रत्येक खाटेपाशी मनात येईल ते मोठ्याने बोलत राहिली आणि मुग्धा ते सगळं साठवत राहिली. त्यातून यंत्र तिच्यासारखा विचार करायला शिकलं. ते नुसतं रेकॉर्डिंग नव्हतं. नव्या पेशंटच्या नोंदी वाचून ते नवा प्रश्न विचारायचं, तिच्याच आवाजात, तिच्याच ढंगात. उत्तर मात्र द्यायचं नाही, ही एस्तेरची अट होती. दुसरी अट, पोरगी तयार होत गेली की यंत्राने मागे सरायचं. पोरीने स्वतःहून शंका बोलून दाखवली, तर प्रश्न येणार नाही, फक्त "हं" येईल. पुढे पुढे ते "हं"सुद्धा येणं बंद होईल.

नावही तिनेच ठेवलं. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "मंदा, नवरीसोबत पाठराखीण जाते ना, तसं हे. चार दिवस राहायचं आणि परत यायचं. ती तिकडेच मुक्काम ठोकून बसली तर सून नांदायची कशी?"

ती गेली आणि पावसाळा सरायच्या आत आम्ही पोरींच्या कानामागे तिला लावली. सुरुवातीला पोरी दचकायच्या. एक तर रडत माझ्याकडे आली, म्हणाली, मॅडम, मेलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. मी तिला झापली आणि परत वॉर्डात पाठवली. हळूहळू सवय झाली. आवाज कायमचा थांबला की त्या दिवशी ती मुलगी वॉर्डात पेढे वाटायची आणि बाकीच्या तिला चिडवायच्या, "काय गं, गेली वाटतं तुझी पाठराखीण? आता नांद एकटी." पोरी खरंच तयार होत होत्या. डॉक्टरांना फोन करताना अडखळत नव्हत्या. "मला असं दिसतंय, म्हणून असं वाटतंय" अशी सरळ वाक्यं बोलत होत्या. आयुष्यभर ओरडून मला जे जमलं नाही, ते माझ्या मैत्रिणीने मेल्यावर करून दाखवलं. मला तिचा हेवा वाटला, आणि तिची आठवण तर इतकी आली की काही दिवस त्या वॉर्डात जायला मी टाळाटाळ केली.

मी स्वतः ते यंत्र कधी कानामागे लावलं नाही. मला गरज नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मग हन्ना आली. एस्तेरची एकुलती एक मुलगी, नर्सिंग पूर्ण करून नेमकी त्याच वॉर्डात. आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. मी तिला म्हटलं, "तुला हे लावायची सक्ती नाही. मी मुग्धाशी बोलते." ती म्हणाली, "नको मॅडम. सगळ्यांना आहे तर मलाही द्या." तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. मी दिलं.

सोबतच्या मुलींचे पेढे वाटून झाले तरी हन्नाच्या कानातला आवाज मागे सरेना. ती ढ असती तर मी समजून घेतलं असतं. पण ही पोरगी हुशार होती, वर्गात माझ्या प्रश्नाचं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत द्यायची. वॉर्डात मात्र खाटेपाशी गेली की थांबायची. ओठ मिटलेले, मान किंचित कानाकडे झुकलेली. मग चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं आणि त्यानंतर ती कामाला लागायची. मी हे बरेच दिवस पाहिलं आणि एका दुपारी तिला कँटीनमध्ये घेऊन बसले.

"हन्ना, त्या बाईचे टाके बघताना तुला कळलं होतं की तिला ताप भरतोय."

"हो मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

ती चहाचा कप नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी बोलले की ती विचारत नाही."

मी आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही. "तो आवाज म्हणजे तुझी आई नाही. ते गणित आहे. मुग्धाने दहादा सांगितलंय."

"माहीत आहे मला." ती खाली बघूनच बोलत होती. "घरी आई बोलायचीच नाही, मॅडम. ड्युटीवरून आली की पाय वर घेऊन पडायची. मी काही सांगायला गेले की म्हणायची, उद्या सांग. तिचे सगळे प्रश्न इथेच संपायचे. आता ती मला दिवसभर विचारते. अगं, नीट बघ. अगं, आणखी काय असू शकेल? तुमच्या गणितात 'अगं' कुठून येतं मला माहीत नाही. पण आईने मला ते इतक्यांदा कधी म्हटलं नव्हतं."

एस्तेर घरी कशी होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वॉर्डात ती इतकी भरभरून वागायची की घरीही तशीच असणार असं मी गृहीत धरलं होतं. मी हन्नाला एवढंच म्हटलं, "थोडे दिवस देते तुला. पण हे सुटलं पाहिजे." तिच्या कानामागून ते यंत्र त्याच वेळी काढून घ्यायला हवं होतं, पण माझा हात उठला नाही.

आणि मग आवाज कमी व्हायला लागला. मुग्धाचा पुण्याहून फोन आला, खुशीत होती. "खरमाळे मॅडम, तुमची हन्ना आली हो मार्गावर. प्रश्न भराभर कमी होताहेत. या आठवड्यात तर आवाज जवळजवळ बंदच आहे." माझ्या जिवाचा घोर गेला. मी हलवायाला पेढ्यांचं सांगून ठेवलं, तेही माझ्या खर्चाने. हन्ना वॉर्डात शांत दिसत होती, मान झुकवून थांबत नव्हती, कामं हातावेगळी करत होती. एकच गोष्ट जरा वेगळी वाटली. ओव्हर देताना मी तिला काय खटकलं म्हणून विचारलं, तर ती हसून म्हणाली, "काही नाही, मॅडम." एस्तेरच्या मुलीने हे म्हणावं? पण आनंदाच्या भरात मी ते सोडून दिलं.

सोनल दातीर नावाची पाथर्डीकडची बाळंतीण. सकाळी सिझर झालं होतं, मुलगी झाली होती. दुपारी ड्युटी बदलायच्या वेळेला मी वॉर्डात शिरले, तर सोनलची सासू पदराने सुनेला वारा घालत होती. वर पंखा चालू होता. मी थांबले.

"काय हो मावशी, उकडतंय का तिला?"

"नाही ओ बाई. नुसती तळमळ करती. सकाळधरनं पाणी पाणी करतीय. ह्या सिस्टरला दोनदा सांगितलं. त्या म्हणल्या, समदं ठीक हाये."

हन्ना खाटेपलीकडेच उभी होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. रक्तदाब चांगला, ऑक्सिजन चांगला. नाडी तेवढी वाढलेली, पण यंत्राच्या धोक्याच्या रेषेखाली. सोनल डोळे उघडायची, मिटायची, चादर पायाने ढकलायची. ओठ पांढरे पडले होते. लघवीच्या पिशवीत तळाशी थोडंसं, तेही गडद.

मी हन्नाला म्हटलं, "हिला काय होतंय?"

"काही नाही, मॅडम. घाबरलीय थोडी. पहिलं बाळंतपण आहे."

"कशावरून?"

"ती काही बोलली नाही."

मला आधी वाटलं, सोनलबद्दल बोलतेय. मग तिचा हात कानामागे गेलेला दिसला. भरदिवसा, माणसांनी भरलेल्या वॉर्डात, मला पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटली. तो बोलला म्हणून नव्हे, गप्प होता म्हणून.

शिकवायची वेळ नव्हती. मी आयाला रक्तपेढीकडे पळवलं, सलाइन पूर्ण वेगात सोडलं, ऑक्सिजन लावला, पायाखाली उशा सरकवल्या. एका हाताने डॉक्टर लोढांना फोन लावला आणि त्यांनी उचलल्याबरोबर तो हन्नाच्या हातात कोंबला. "बोल. तुझ्या कानाला विचारू नकोस. हिच्याकडे बघ आणि सांग."

ती भांबावून माझ्याकडे बघत राहिली. फोनमधून डॉक्टर विचारत होते, कोण, काय झालंय. मी तिचा मोकळा हात धरला आणि सोनलच्या पायावर ठेवला.

हन्ना दचकली. "गार आहे," ती म्हणाली. मग थांबून, जरा मोठ्याने, "डॉक्टर, पाय गार आहेत. घाम आहे. नाडी सकाळपासून चढत गेलीय. प्रेशर चांगलं आहे, पण..." तिचा आवाज अडकला. मी जीभ चावून धरली होती. "पण तरुण आहे ती. शरीर प्रेशर धरून ठेवतंय. तहान लागलीय, तळमळतेय, लघवी नाही. पोट सकाळपेक्षा टणक लागतंय." आणि मग तिच्या तोंडातून वाक्य बाहेर पडलं, "डॉक्टर, आत रक्त जातंय. लगेच या."

फोन ठेवला आणि ती जागच्या जागी थिजली. मान कानाकडे झुकली. काय ऐकलं असेल ते मला विचारावं लागलं नाही. ते "हं" मी होस्टेलपासून ओळखते.

सोनलला पुन्हा ऑपरेशनला नेलं. एक बारीक रक्तवाहिनी सुटली होती. रक्ताच्या पिशव्या चढल्या, संध्याकाळी ती शुद्धीवर आली आणि मुलगी कुशीत द्या म्हणाली. सासूबाईंनी हन्नाचे हात धरून तिला आशीर्वाद दिले. हन्नाने ते हात सोडवून घेतले आणि सरळ माझ्या खोलीत येऊन बसली.

"त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, मॅडम. मी ऐकलं होतं. पण मला काहीच खटकलं नाही. आत अगदी शांत होतं." ती रडत नव्हती, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "मला वाटलं, आई आहे ना. ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे."

मुग्धा दुसऱ्या दिवशी धावत आली. हन्नाचे आलेख उलगडून बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आलेला मी ऐकला. जी शंका उठते पण बोलली जात नाही, ती उठवायचा मेंदू हळूहळू कंटाळा करतो, असं ती म्हणाली. पोरीने आईला बोलावण्यासाठी शंका गिळली, आणि गिळून गिळून शंकाच उठेनाशी झाली. ज्या खटक्याने आई यायची, तोच मालवला. "आणि माझ्या यंत्राला हे कळलंच नाही, मॅडम. त्याच्या लेखी तयार झालेली नर्स आणि विझून गेलेली नर्स सारखीच. दोघींच्या कानात शांतता." ज्यांनी पेढे वाटले त्या सगळ्याच मुली आता पुन्हा तपासाव्या लागतील, असंही ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं. रागवायची ताकद माझ्यातही राहिली नव्हती.

"येईल का परत?" मी विचारलं. "हन्नाचा खटका?"

"काल आला ना. तिने बोलून दाखवला. असंच बोलत राहिली तर येईल. पण हे कानामागे असेपर्यंत नाही."

हन्नाने ते यंत्र स्वतःहून काढून माझ्या टेबलावर ठेवलं. कानामागची कातडी पांढुरकी पडली होती. ते पुण्याला जाणार, त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे तिला माहीत होतं. दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, रोज ओव्हर देताना तुम्ही मला विचारत जा. मी काही नाही म्हटलं तर सोडू नका."

"आत्ताच विचारते. काय खटकलं?"

"तुम्ही 'अगं' म्हणत नाही," ती म्हणाली आणि गेली.

आमच्या सराव-खोलीत रबरी पेशंट आहेत. खाटांवर ओळीने निजवलेले, डोळे सताड उघडे. पोरी त्यांच्यावर सुया टोचायला शिकतात. दुपारी तिथे कुणी नसतं. यंत्र पुण्याला पाठवायच्या पाकिटात घालायचं म्हणून मी तिथे जाऊन बसले आणि पाकीट उघडं तसंच ठेवून ते कानामागे लावलं. का, ते मला सांगता येणार नाही. नुसतं बघावं म्हटलं.

पहिल्यांदा काहीच नाही. पंख्याची घरघर. मग माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीची हन्ना आली, हसून "काही नाही, मॅडम" म्हणणारी. ते ऐकताना मला आत काहीतरी टोचलं होतं. टोचलं होतं आणि मी पेढ्यांच्या नादात ते दाबलं होतं.

"अगं," एस्तेर म्हणाली. अगदी जवळून, होस्टेलच्या खोलीत शेजारच्या कॉटवरून बोलायची तशी. "काय खटकलं?"

माझे डोळे भरून आले. काय खटकलं ते मला माहीत होतं, वाक्य ओठांवर तयार होतं. एवढं बोलले असते तर ती "हं" म्हणाली असती आणि संपलं असतं. याच गोष्टीसाठी मी त्या पोरीला फैलावर घेतलं होतं. याच गोष्टीपायी सोनल दातीर मरायला टेकली होती. सगळं कळत होतं मला.

मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट बघत बसले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.